घोडा एस्ट्रे आहे

ता. २३ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्ता बदललाय. पाकिटाच्या मागे लिहिलाय, तो उतरवून घ्या आणि आधीचा खोडा. त्याच्या आधीचा खोडला नसेल तर तोही. दिव्याच्या काचांच्या कारखान्यात मी एकोणीस दिवसच होतो, तेव्हा तुमचं शेवटचं पत्र तिथे कुणीतरी फोडून वाचलं असणार. त्यात माझ्याबद्दल जे काही लिहिलं असेल ते त्यांना पटलं असेल.

काचा का सोडल्या ते विचारू नका. सांगतोच. दारावरून एक माणूस भली लांब शिडी घेऊन चालला होता. एवढी शिडी कशाला लागते ते बघायला मी मागोमाग गेलो. दोन गावं चालत गेलो. शिडी पाण्याच्या टाकीसाठी होती आणि टाकीत काही नव्हतं. परत आलो तर माझ्या जागेवर दुसराच कुणी काचा पुसत होता, आणि माझ्यापेक्षा बऱ्या पुसत होता.

सध्या गाद्यांच्या कारखान्यात आहे. कारखाना म्हणजे एक लांब शेड, एक कापूस पिंजायचं यंत्र, मागे अंगण आणि मालकीणबाई. त्यांना सगळे गादीकाकू म्हणतात. दाभणानं टाके घालताना काकू बोलत नाहीत, कारण तोंडात दोरा असतो. दोरा संपला की साठलेलं सगळं एकदम बोलतात. मी खोळीत कापूस भरतो. नाकात, कानात, भुवयांत कापूस. परवा आरशात बघितलं तर तुमच्याएवढा म्हातारा दिसलो. रागावू नका.

आता मुद्दा. वीस तारखेला सकाळी अंगणात एक घोडा उभा होता. राखाडी, पाठीला बाक आलेला, एक कान मोडलेला. कुणाचा, कुठून आला, कुणालाच माहीत नाही. काथ्याची अर्धी गादी खाऊन झाल्यावर तो काकूंच्या अंगावर रेलून उभा राहिला. हो, रेलतो. जवळ कुणी असलं की हळूच आपलं वजन त्याच्यावर टाकतो आणि डोळे मिटतो. काकूंनी ढकललं. तो पुन्हा रेलला. मग माझ्यावर रेलला. मामा, माझ्या भरवशावर आजवर कुणी साधी पिशवीसुद्धा ठेवलेली नाही.

पण बाजार कचेरीचा मुकादम म्हणतो की बेवारशी घोडा कोंडवाड्यात जाणार आणि आठ दिवसांनी लिलावात. असले घोडे लिलावात फक्त सरस बनवणारे घेतात, म्हणजे त्याचा चिकटवायचा डिंक होणार. तुम्ही चाळीस वर्षं वकिलाच्या कचेरीत कारकुनी केलीत. तुमच्या त्या जाड इंग्रजी कायदेकोशात असा एखादा शब्द नाही का, की जो ऐकून मुकादम गप्प बसेल? घोडा मला हवाय. लगेच लिहा.

मामींना नमस्कार. पत्ता बदलला तरी लोभ जुन्याच जागी राहू द्यावा.

आपला,
भिंगरी

ता. १ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचले. दोन्ही पत्ते खोडले. तुझ्या पत्त्यांसाठी ठेवलेली वही आता बघवत नाही, युद्धाच्या नकाशासारखी दिसते.

तुझ्या घोड्यासाठी शब्द सापडला: एस्ट्रे. जुन्या इंग्रजी कायद्यातला आहे आणि मेलेला आहे. मी नोकरीला लागलो तेव्हाच तो मेलेला होता. वकीलसाहेबांनी चाळीस वर्षांत एकदाही तो उच्चारला नाही. परंतु मेलेला शब्द निरुपयोगी असतो असे नाही. तो मेला आहे हे समोरच्याला ठाऊक नसले की पुष्कळ झाले.

अर्थ नीट वाच. पाळीव आणि किंमत असलेले जनावर, जे कोणाच्या तरी जमिनीवर भटकत आले आहे आणि ज्याचा मालक कोणालाच ठाऊक नाही, ते एस्ट्रे. नुसत्या सुटलेल्या घोड्याला हा शब्द लावायचा नाही. शेजाऱ्याचा घोडा दावे तोडून आला, तर तो नुसता शेजाऱ्याचा घोडा. मालक ठाऊक नसणे हे या शब्दाचे निम्मे अंग आहे. मेंढी, बैल, डुक्कर, घोडा चालतात. कुत्रे आणि मांजर चालत नाहीत, कारण कायद्याच्या लेखी त्यांना किंमत नाही. हे मी तुझ्या मामीच्या मांजरीला वाचून दाखवले. तिने तोंड फिरवले. अस्वल आणि लांडगा चालत नाहीत, कारण ते पाळीव नाहीत. पाखरांत फक्त हंस चालतो. बदक आले तर मला लिहू नकोस.

तुझी मामी विचारते की माणूस एस्ट्रे होऊ शकतो का, कारण तिच्या डोळ्यांसमोर एक आहे. होऊ शकत नाही, असे मी तिला सांगितले. किंमत असण्याची अट आहे.

प्रथम काय करायचे ते सांगतो. प्रार्थनेच्या जागी आणि जवळच्या दोन बाजारांत, बाजाराच्या दिवशी, मोठ्याने पुकारा करायचा: असा असा घोडा सापडला आहे, ज्याचा असेल त्याने यावे. चोरून ठेवलेले जनावर एस्ट्रे होत नाही. पुढे आणखी बरेच आहे, पण अक्षर मुंगीएवढे आणि माझा चष्मा जुना. एवढे कर, काय झाले ते लिही, मग पुढचे.

आमचे आशीर्वाद आहेतच. ते ज्या पत्त्यावर येतात तिथे काही काळ थांबावे, ही इच्छा.

तुझा,
मामा

ता. १५ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पुकारा केला! पहिल्या बाजारात धान्याच्या वजनकाट्यावर उभा राहिलो आणि पत्र्याचं झाकण बडवलं. गर्दी जमली. मी ओरडलो की घोडा सापडलाय, आणि तेवढ्यात समोर एक माणूस एकाच वेळी चार कात्र्यांना धार लावताना दिसला. चार! दोन हातांत दोन आणि उरलेल्या कुठे होत्या, ते बघण्यात मी घोड्याचा रंग सांगायचा विसरलो. लोकांनी आठवण करून दिली. दुसऱ्या बाजारात मी त्या बाजूला पाठ करून उभा राहिलो.

मालक म्हणून कुणी आलं नाही. एक बाई आल्या. त्यांचा नवरा सहा वर्षांपूर्वी निघून गेलाय. तोही राखाडी, तोही रेलायचा. त्याला हा शब्द लागू होतो का, असं त्यांनी विचारलं. मामींना दिलेलं उत्तरच मी दिलं. त्यावर त्या म्हणाल्या की किमतीचं म्हणाल तर बरोबर आहे.

मग मुकादम आला. कोंडवाड्याची दोरी घेऊनच आला होता. मी छाती पुढे काढून सांगितलं की घोडा एस्ट्रे आहे. त्यानं विचारलं की म्हणजे काय. मी तुमचं पत्र वाचून दाखवलं, अस्वल आणि हंसासकट. मामा, हंसानं काम केलं. त्याचं म्हणणं पडलं की ज्या कायद्यात हंसाचीसुद्धा सोय केलीय तो कायदा वरवरचा नसणार. त्यानं शब्द वहीत उतरवून घेतला, दोरी गुंडाळली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मात्र नोटीस आली. सदर घोडा तुमच्या जागेत शिरला असल्यामुळे त्याची संपूर्ण जबाबदारी जागामालकाची राहील, सही, शिक्का. काकूंचा दोरा तेव्हाच संपला होता, त्यामुळे त्या पाऊण तास बोलल्या. मग नोटीस पिंजायच्या यंत्रावर खिळ्याला टोचून ठेवली आणि मला म्हणाल्या की घोडा तू ठेवलास, खरारा तू करायचा, आणि माझी अर्धी गादी तू शिवून द्यायची.

आता लगेच कळवा: त्याच्यावर बसता येतं का? काल थोडा बसलो होतो. म्हणजे चढलो होतो. तो माझ्यासकट भिंतीवर रेलला.

मामींना आणि मांजरीला नमस्कार. लोभ आहे तो दोन्ही बाजारांत पुकारून सांगावा इतका वाढो.

आपला,
भिंगरी

ता. २४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

ताबडतोब खाली उतर.

एस्ट्रेकडून काम करून घेता येत नाही. स्वार होणे नाही, ओझे लादणे नाही, गाडीला जुंपणे नाही. केलेस आणि उद्या मालक उगवला, तर तो तुझ्यावर फिर्याद करील. अपवाद एकच. गाय असेल तर धार काढता येते, कारण न काढल्यास त्रास गाईलाच. घोड्याच्या बाबतीत या अपवादाचा काही उपयोग मला दिसत नाही. तू शोधू नकोस.

त्याला पोटभर खायला घालायचे. त्याने कोणाचे नुकसान केले तर ते सांभाळणाऱ्याच्या माथी. मालकाला मुदत एक वर्ष आणि एक दिवस. तेवढ्यात तो आला आणि खाण्यापिण्याचा खर्च भरला, तर जनावर त्याचे.

मुदत संपेपर्यंत मालक आलाच नाही तर काय, हे तू विचारणार. ते पुढच्या पानावर आहे आणि ते पान मागच्याला चिकटले आहे. वाफ देऊन सोडवावे लागेल. घाई केली तर फाटेल. तोवर तू दर पंधरा दिवसांनी घोड्याचा वृत्तांत लिहीत जा. वृत्तांत नसेल तर मुदत मोजायची कशी?

मामी म्हणते की कापूस भरताना नाकाला फडके बांधत जा. तिने एक शिवून पाठवले आहे. पाकिटातून पडले तर बघ.

लोभ आहे. तो एका जागी बसून घ्यावा.

तुझा,
मामा

ता. ९ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

वृत्तांत क्रमांक सहा.

या गावात घोडा असलेला मी एकटा आणि सगळ्यात जास्त पायी चालणाराही मीच. सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवावं लागतं. बसायचं नाही, म्हणून मी शेजारून चालतो. ओझं लादायचं नाही, म्हणून त्याचं गवत माझ्या पाठीवर. काल गवताचा भारा मी उचलला, घोडा मोकळा चालला, आणि पुलावर तो दमून माझ्यावर रेलला. लोक थांबून बघतात. न्हाव्यानं विचारलं की तुम्हां दोघांत एस्ट्रे नक्की कोण. शब्द गावात रुळलाय, मामा. दुकानात कुणी छत्री विसरलं की म्हणतात, छत्री एस्ट्रे झाली. मी दर वेळी सांगतो की छत्री होऊ शकत नाही, जनावरच लागतं, तेही पाळीव. ऐकत नाहीत.

मध्ये एक लबाड माणूस आला. घोडा माझाच म्हणाला. मी विचारलं की याची सवय काय. तो म्हणाला की लाथ मारतो. तेवढ्यात घोडा त्याच्यावर रेलला आणि तो माणूस भिंत आणि घोडा यांच्यामध्ये तसाच राहिला. काकूंनी टाके संपेपर्यंत त्याला सोडवू दिलं नाही.

नुकसानीचं विचारलंत म्हणून सांगतो: शेजारची एक खुर्ची (रेलला), मुकादमाची टोपी (खाल्ली), काकूंच्या दोन खोळी. मुकादमानं आणखी दोन नोटिसा पाठवल्या, तोच मजकूर, जागेत शिरला सबब जागामालक. खिळ्यावर आता तीन झाल्या.

एक गोष्ट सांगू की नको करत होतो. एक नाटक कंपनी आली होती. त्यांचा दिवे सांभाळणारा पळून गेला, ते मला न्यायला तयार होते. चार महिने, समुद्राकाठची गावं, रोज नवीन. मी पेटी बांधली सुद्धा. मग बसून मोजलं, मुदतीतले दोनशे सत्तावन्न दिवस बाकी. पेटी सोडली. मला कधी असं झालं नव्हतं, त्यामुळे दुपारी मला ताप आलाय असं वाटलं. काकूंनी हात लावून बघितलं आणि म्हणाल्या की ताप नाही.

ते चिकटलेलं पान सुटलं का? मुदत संपली की घोडा माझाच ना? एवढं एक कळवा.

लोभ पातळ होऊ देऊ नये. मी इथेच आहे.

आपला,
भिंगरी

ता. २० जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

शेवटचे वाक्य तीनदा वाचले. मामीला बोलावून तिच्याकडूनही वाचून घेतले.

पान अद्याप सुटलेले नाही. पहिल्या वाफेने ते फुगले, आता वाळत ठेवले आहे. अलीकडच्या पानावर मात्र एक महत्त्वाची ओळ दिसली. मुदतीच्या आत जनावर दुसऱ्याच्या हद्दीत भटकत गेले, तर पहिल्याचा हक्क गेला. म्हणजे घोडा तिथून हलता कामा नये. घोडा हलायचा नाही म्हणजे कोण हलायचे नाही, ते तू समजून घे.

छत्रीच्या बाबतीत तू दिलेले उत्तर अचूक आहे. हे मी कौतुकाने लिहीत आहे. शाळेत तुला एका शब्दाचा अर्थ आठवडाभर लक्षात राहत नसे.

लोभ दुप्पट.

तुझा,
मामा

ता. २७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

ह्यांना न सांगता लिहितेय. मुदत संपायला एक महिनासुद्धा राहिला नाही आणि तू मागच्या पत्रात खोगिराचं चामडं कुठलं चांगलं ते विचारलंस, तेव्हा मला राहवेना.

पान कुठेही चिकटलेलं नाही. मी स्वतः कोश उघडून बघितलं. ह्यांना ते सगळं पहिल्या दिवसापासून पाठ आहे. मला इंग्रजी येत नाही, म्हणून खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंकडून वाचून घेतलं. वर्ष आणि एक दिवस झाला आणि मालक आला नाही, तर जनावर त्या जमिनीच्या धन्याचं होतं. ज्याला सापडलं, ज्यानं सांभाळलं, त्याचं नाही. त्याचं ते कधीच नव्हतं.

मी खूप बोलले ह्यांना. त्यांनी ऐकून घेतलं आणि जिन्यात जाऊन बसले. हल्ली पोस्टमनच्या वेळेला तिथेच बसतात, आणि मला सांगतात की उजेड चांगला येतो. तू आमच्याकडे वाढलास, पण गेल्या चार वर्षांत तुझी पत्रं आली सात. या एका वर्षात एकवीस. ह्यांनी पानं थोडी थोडी का दिली, ते तू ओळखशील. म्हणून काही ते बरोबर होत नाही.

घोड्याचं काय करायचं ते तू ठरव. नाकाचं फडकं धूत जा.

तुझी,
मामी

ता. ३ फेब्रुवारी

ती. मामांस,
न. वि. वि.

शि. सा. आज नाही.

अकरा महिने गवत वाहिलं. नाटक कंपनी सोडली. साऱ्या गावाला शब्दाचा अर्थ शिकवला, आणि शब्दाचं शेपूट तुम्ही खिशात ठेवलंत. वाफेचं तर मी काकूंना सांगितलं होतं. त्यांनीही पान सोडवायची एक युक्ती सुचवली होती, ती तुम्हाला कळवायची राहिली म्हणून मला वाईट वाटत होतं!

आता घोडा माझा नाही. या वेळी अख्खं सांगा, मी काय करू?

लोभाचं नंतर बघू.

भिंगरी

ता. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

शि. सा. मिळाले नाहीत ते योग्यच झाले.

मामीने लिहिले ते शब्दशः खरे आहे. सफाई देत नाही. तू विचारलेस तेव्हा सगळा अर्थ एका पानात मावत होता. मी लिहिलाही होता. मग वाटले की हे पत्र गेले की तुझे काम संपेल, आणि महिन्याभरात मी पुन्हा एक पत्ता खोडत बसेन. म्हणून ते फाडले आणि निम्मेच लिहिले. कारकुनाला मुदती वाढवण्याची सवय असते.

आता सल्ला. शेवटची ओळ तुला, मला, मामीला आणि शिक्षिकाबाईंना ठाऊक आहे. मुकादमाला नाही. गाव समजते की घोडा तुझा होणार. तू गप्प राहिलास तर तो तुझाच होईल. शब्द तसाही मेलेलाच आहे, त्याला काही लागणार नाही. माझ्याकडून ती ओळ कोणालाही कळणार नाही.

निकाल काय लागला ते मात्र कळव. एवढी कृपा कर. लोभ माझ्या बाजूने होता तेवढाच आहे.

तुझा,
मामा

ता. २२ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

(शि. सा. परत सुरू. पण वाचा.)

काल मुदत संपली. मुकादमानं बाजारातच निकाल द्यायचं ठरवलं. मी घोडा घेऊन वजनकाट्यापाशी गेलो. न्हावी दुकान बंद करून आला. नवरा हरवलेल्या बाई पहिल्या रांगेत. काकू दाभण हातात घेऊनच आल्या. मुकादमानं वर्षभराची वही उघडली आणि पुकारलं की मालक कुणी आहे का. कुणी नाही. मग त्यानं मला विचारलं की आता शब्दाप्रमाणे पुढे काय.

मी गप्प बसणार होतो, मामा. तुमचा सल्ला खिशात होता. पण वर्षभर मी ज्यांना छत्रीवरून टोकलं ते सगळे समोर उभे होते. मी तोंड उघडलं आणि शेवटची ओळ अख्खी बाहेर आली, की घोडा ज्याला सापडला त्याचा नाही, जमिनीच्या धन्याचा.

घोडा माझ्यावर रेललेला. मुकादमाच्या तोंडावर हसू पसरलं. तो म्हणाला की या गावच्या जमिनीचा धनी म्हणजे बाजार कचेरी. त्यानं कोंडवाड्याची दोरी काढली. तेव्हा गर्दीतून काकू पुढे आल्या, तोंडातला दोरा काढला, आणि त्यांनी

पुढचं पान चिकटलंय. वाफ देतोय, पण घाई केली तर फाटेल. ते बघायला तुम्हालाच इथे यावं लागेल. स्टेशनवर न्यायला येईन.

लोभ इथे येऊन घ्यावा.

आपला,
भिंगरी

ता. २२ फेब्रुवारी

ती. मामींस,
सा. न. वि. वि.

हे मुद्दाम शिक्षिकाबाईंच्या पत्त्यावर पाठवतोय. मामांना दाखवायचं नाही. त्यांना अर्धंच पाठवलंय. तुम्हाला सगळं सांगतो.

काकूंनी पिशवीतून तीन नोटिसा काढल्या आणि मुकादमाच्या हातात देऊन मोठ्यानं वाचायला लावल्या. तिन्हींत तेच: सदर घोडा तुमच्या जागेत शिरला असल्यामुळे त्याची संपूर्ण जबाबदारी जागामालकाची. सही त्याची, शिक्का त्याचा. काकूंनी विचारलं की आता सांगा, जमिनीचा धनी कोण. मुकादमानं तिन्ही उलट्या करून बघितल्या. मागे काही नव्हतं. मग तो स्वतःच म्हणाला की घोडा गादीवाल्या बाईंचा, आणि टोपीची भरपाईही त्यांनीच द्यायची. काकूंनी त्याच्या डोक्याचं माप तिथल्या तिथे घेतलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. घरी येईपर्यंत मला बरं वाटत होतं. अंगणात आल्यावर काकूंनी माझ्या हातातून दोरी घेतली आणि म्हणाल्या की तुझी मुदत संपली, आता तू मोकळा, कुठे जायचं तिथे जा.

मामी, मी आजवर चौदा ठिकाणांहून गेलोय. प्रत्येक वेळी मीच गेलोय, कुणी जा म्हणायच्या आधीच. जा म्हटल्यावर कसं जायचं असतं ते मला माहीतच नाही. मी शेडमध्ये गेलो, एक खोळ भरली, ती आधीच भरलेली होती, फाटली. परत अंगणात आलो. काकू घोड्याशी बोलत होत्या की आता तुला जुंपता येईल, गाद्या पोचवायच्या आहेत, पण तुझ्याशी कुणाचं जमणार. माझ्याकडे बघत नव्हत्या. मी उभा राहिलो. मग मी म्हणालो की मला कामावर ठेवाल का. हे वाक्य मी आयुष्यात कधी म्हटलेलं नव्हतं, मला आजवर लोकांनी असंच कुठेही उभं केलंय. आवाज चिरका निघाला.

काकू म्हणाल्या की विचार करते. एक अख्खी शिवण त्यांनी विचार केला. मग म्हणाल्या की गाडी रंगवायला घे, आणि रंग निवडण्यात चार दिवस घालवू नकोस.

निळा घेतलाय. हिरवाही बरा होता.

मामांना काही सांगू नका. लोभ आहेच, तो तुमच्याकडे जास्त.

आपला,
भिंगरी

ता. १ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं अर्धं पत्र पोचलं. ह्यांनी पाकीट तीनदा झटकलं, मग कात्रीनं उभं कापून आतून बघितलं. मग मला विचारलं की तुला काही कळलंय का. मी म्हटलं, मला कोण काय सांगतंय. चार दिवस नीट जेवले नाहीत. घोड्याला मुकादमानं नेलं असेल, काकूंनी त्याला दाभण टोचलं असेल, भिंगरी पुन्हा निघाला असेल, असं एकेक भिंतीला सांगत होते. काल ताटावरून उठले आणि बॅग काढली.

निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षांत हे कोपऱ्यावरच्या न्हाव्यापलीकडे गेलेले नाहीत. गाडीत बसलं की पोटात ढवळतं म्हणतात. आज सकाळी तिकीट आणवलं, आठ तारखेच्या गाडीचं. खिडकीची जागा मिळाली. नऊ तारखेला दुपारी उतरतील. हातात कोश असेल, तो घेऊ लागलास तर देणार नाहीत. तोंड पिवळं दिसलं तर आधी लिंबू दे, मग नमस्कार कर.

आणि काय झालं ते इतक्यात सांगू नकोस. घोडा दाखव, गाडी दाखव, पण निकाल सांगू नकोस. फारच मागे लागले तर म्हण की ते मामींना ठाऊक आहे, त्यांना पत्र लिहून विचारा. चव्वेचाळीस वर्षं एका घरात राहिलो, त्यामुळे ह्यांनी मला कधी पत्रच लिहिलेलं नाही. मी त्यांना थोडं थोडं कळवीन.

माझा लोभ दोघांनी वाटून घ्या.

तुझी,
मामी